‘असू दे’ म्हणणाऱ्याने जागाही सांगावी

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार. आमचं घर सांगलीत, गावभागात. जुनं, कौलारू. स्वयंपाकघरावर मोठा लाकडी माळा आहे. सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली, पण माळ्यावर त्यांचा संसार तसाच आहे. हांडे-कळश्या मिळून नऊ, एक घंगाळ, पातेली, परात, दोन पत्र्याच्या ट्रंका, चौदा नऊवारी, कागदांची गाठोडी. २०१९च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा घरात छातीएवढं चढलं. खालचं सगळं गेलं, फोटोंचे अल्बमसुद्धा. सासूबाईंनी आदल्या रात्री जेवढं माळ्यावर चढवून घेतलं तेवढंच वाचलं.
दरवर्षी घट बसायच्या आधी मी सगळं खाली काढते, पुसते आणि परत वर चढवते. वय ५६. गुडघे बोलायला लागलेत. गेल्या वर्षी स्टुलावरून पाय घसरला, थोडक्यात वाचले. ह्यांना विचारलं की म्हणतात, “आईचं आहे, असू दे.” नणंद पुण्याला असते. ती म्हणते, “वहिनी, मला विचारल्याशिवाय काही काढू नका हं.” नेत मात्र काही नाही. गेल्या दसऱ्याला हे बाहेर गेले होते तेव्हा तळाला भोक पडलेला तांब्याचा बंब मी मोडीत दिला, तर ह्यांनी तीन दिवस अबोला धरला. आता एका पातेल्यावर ‘चि. सौ. कां.’ असं करून एक नाव आहे. आमच्या घरात त्या नावाचं कोणीही नाही. तेसुद्धा कुणाचं म्हणून मी सांभाळायचं? मी चुकले का? आणि यंदा काय करू?
– माळ्याखालची सून, सांगली

सूनबाई,

आधी सरळ उत्तर देते. हो, बंबाच्या बाबतीत चुकलात. मोडीत दिलात म्हणून नव्हे. भोक पडलेल्या बंबाला तांबटाकडून डाग देऊन आणला असता तरी त्यात पाणी कोण तापवणार होतं? चूक झाली ती यजमान घरात नसताना दिलात ही. तुमच्या लेखी तो बंब म्हणजे अडगळ. त्यांच्या लेखी काय होता याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. तुमच्या भागातली उसाची चिपाडं, नारळाच्या करवंट्या, एखादं वाळकं लाकूड बंबात सारायचं काम त्या काळी घरातल्या पोरांचंच असे. नरकचतुर्दशीला पहाटे अंधारात, अंगाला तेल लावून कुडकुडत बसलेली पोरं आणि त्यांच्यासमोर धूर काढणारा तो बंब. तीन दिवसांचा अबोला भंगाराच्या पैशांसाठी नव्हता. एकदा त्यांना तेवढं म्हणा, “विचारायला हवं होतं मी.” एकदाच म्हणा. त्यावर ‘पण तुम्हीसुद्धा...’ सुरू करू नका. ‘तुम्हीसुद्धा’चा समाचार मी पुढे घेणारच आहे.

यंदाचं म्हणाल तर या दसऱ्याला माळ्यावरचं काहीही खाली काढू नका. कोळिष्टकं काढा, भिंती झाडा, डबे घासा, अंथरुणं-पांघरुणं उन्हात घाला, खिडक्या पुसा. माळ्याकडे मान वर करूनही बघू नका. गेली दोन वर्षं तुम्ही दोन वेगळी कामं एकाच पंधरवड्यात कोंबता आहात. एक काम घर झाडण्याचं. ते हाताचं आहे, घाईचं आहे आणि त्याला घटस्थापनेची मुदत आहे. दुसरं काम गेलेल्या माणसाच्या वस्तूंचं काय करायचं ते ठरवण्याचं. त्याला मुदत नाही, ते एकट्याने होत नाही आणि घाईत तर मुळीच होत नाही. डोक्याला फडकं बांधलेलं, नाकातोंडात धूळ, गॅसवर दूध, दारात भंगारवाला खोळंबलेला, अशा वेळी माणूस एक तर सगळं परत वर चढवतो, नाही तर रागारागात बंब देऊन मोकळा होतो. तुम्ही दोन्ही करून बघितलंत.

आणखी एक गंमत बघा. घट बसायच्या आधी झाडलोट काढायची म्हणजे ती नेमकी पितृपंधरवड्यात येते. एका हाताने पितरांना खीर-वड्यांचा नैवेद्य दाखवायचा आणि त्याच आठवड्यात त्यांच्या हंड्यांवरून घरात तणतणायचं. आमच्याही घरी हेच चालायचं, म्हणून हसायला येतं.

ठरवण्याच्या कामासाठी मी दिवस सुचवते: भाऊबीजेचा दुसरा दिवस. नणंदबाई भावाला ओवाळायला येतीलच. त्यांना आत्ताच फोन करून सांगा की एक मुक्काम वाढव, रिकामी गाडी घेऊन ये आणि डिकीत फराळाचे डबे सोडून काही भरू नकोस. सकाळी दोन तास बसायचं, तिघांनी. माळ्यावर तुम्ही चढायचं नाही. यजमानांनी चढायचं, नाही तर गडी लावायचा, आणि स्टूल नाही, शिडी. वस्तू यजमानांनी स्वतः वरून उतरवून द्यावी, यात माझा थोडा कावा आहे. जो माणूस दरवर्षी खाली खुर्चीत बसून ‘असू दे’ म्हणतो, त्याच्या हातांना त्या ‘असू दे’चं वजन कधी कळलेलंच नसतं. पितळी हांडा रिकामासुद्धा चांगला जड असतो.

नियम एकच ठेवा. जो ‘असू दे’ म्हणेल त्याने जागाही सांगायची, आणि माळा ही जागा धरली जाणार नाही. “घंगाळ असू दे.” बरं, कुठे? अंगणात पाण्यात फुलं सोडून ठेवू? ठेवू. “परात असू दे.” मग उद्यापासून कणीक तिच्यात भिजवायची. नणंदबाईंना काही हवं असेल तर ते त्याच दिवशी डिकीत गेलं पाहिजे. ‘पुढच्या खेपेला नेते’ असं म्हणतील तर हसून म्हणा, “वन्सं, पुढच्या खेपेला ते इथे असेलच असं नाही.” वाईटपणा वाटला तर माझ्या नावावर घाला. सदर लिहिणारीला तेवढं सोसावं लागतं.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जवळजवळ वैतागून जे लिहिलंत त्या पातेल्याबद्दल. मला तुमच्या सगळ्या पत्रात तेच सर्वात मोलाचं वाटलं. तुम्ही ते नाव मला कळवलंत, पण घरातलं आहे म्हणून मी इथे छापत नाही.

‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. लग्नपत्रिकेत आपण आजही नवरीच्या नावामागे हे लावतो. म्हणजे जिचं लग्न व्हायचं आहे अशी मुलगी. लग्न लागलं की ती ‘सौ.’ होते. तेव्हा त्या पातेल्यावरचं नाव लग्नाच्या आधीचं, माहेरचं आहे. आणि त्या काळात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत घरोघरी होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्या मुलाने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, ते सगळ्यांना सांगायचं आणि पेढे वाटायचे. त्या क्षणापासून माहेरचं नाव सासरच्या व्यवहारातून जायचं. रेशनकार्डावर नवं, मतदारयादीत नवं, पुढे पत्रिकांमध्ये नवं. ते जुनं नाव उरायचं ते माहेरच्या माणसांच्या तोंडात आणि मामा-काकांनी आहेरात दिलेल्या भांड्यांवर.

मला वाटतं, ते पातेलं तुमच्या सासूबाईंचं आहे. ते नावही त्यांचंच आहे.

खात्री करायला माणूस आहे. तुम्ही सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय की त्यांची धाकटी बहीण, तुमच्या मावशी, इचलकरंजीला असतात आणि ८४ वर्षांच्या आहेत. त्यांना विचारा. पातेलं उजेडात तिरपं धरून नीट वाचा. जुन्या भांड्यांवर छिन्नीने टिंब टिंब ठोकून अक्षरं काढलेली असतात. घासून घासून पुसट झाली असतील तर थोडी रांगोळी किंवा तांदळाची पिठी बोटाने चोळा, खोलगट टिंबांमध्ये पांढरं बसतं आणि नाव उमटतं. नावाच्या पुढे बहुधा ‘हीस’ आणि कुणाकडून ते असतं, कधी तारीखही असते. भांड्याच्या दुकानात आहेर घेतला की तिथेच बसलेला माणूस हे नाव घालून द्यायचा. कुठल्याही भांड्याचं काहीही ठरवायच्या आधी एक वही घ्या आणि सगळ्या भांड्यांवरची नावं उतरवा. कोण मामा, कोण आत्या, कोणती गल्ली, कोणतं साल. तुमचे अल्बम पुरात गेले. त्या लग्नाला कोण कोण आलं होतं त्याची यादी पितळेवर ठोकलेली तुमच्या माळ्यावर पडून आहे.

वही पूर्ण झाली की नऊच्या नऊ हांडे ठेवायची गरज उरत नाही, हेही स्पष्ट सांगते. एक-दोन ठेवा. नाव असलेलं पातेलं नक्की ठेवा, कल्हई लावून घ्या आणि वापरा. पितळेत आंबट घालायचं तर आत कल्हई हवीच, नाही तर कळकतं. कल्हईवाला हल्ली गल्लीत हाळी देत फिरत नाही, पण जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारलंत तर पत्ता मिळतो. तापलेल्या भांड्यात नवसागराचा पांढरा धूर निघतो आणि कथलाचा एक हात फिरला की आतून चांदीसारखं लखलखतं. यजमानांना घेऊन जा बघायला. बाकीचे हांडे मोडीत द्या. दोन ठिकाणी भाव विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि आलेल्या पैशांचं काय करायचं ते नणंद-भावांनी मिळून ठरवू दे. तो पैसा घरखर्चात मिसळू नका. मिसळला की पुढे दहा वर्षं बोलणी बसतात.

चौदा नऊवारींबद्दल लिहिताना मला माझीच एक फजिती सांगावी लागते. आईची एक जांभळी पैठणी मी ‘जपून’ ठेवली होती. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर डांबराच्या गोळ्या टाकून, माळ्यावर. सात वर्षांनी भाचीच्या लग्नासाठी खाली काढली, उलगडली तर प्रत्येक घडीवर रेशीम कागदासारखं फाटत गेलं. जर काळी पडलेली, जिथे गोळ्या टेकल्या होत्या तिथे डाग. त्याच आईची रोजची सुती लुगडी तेव्हा आत्याने हक्काने नेली होती, त्याचा मला रागही आला होता. तिने त्यांच्या दोन गोधड्या शिवल्या. त्यातली एक आज माझ्या नातवाच्या अंगावर आहे. मी जपलेलं गेलं आणि तिने कात्री लावलेलं राहिलं.

म्हणून चौदा लुगडी भाऊबीजेची वाट न बघता या ऑक्टोबरच्या उन्हात एकदा उलगडाच. माळ्याच्या नियमाला तेवढा एक अपवाद, ट्रंका गड्याकडून उतरवून घ्या. रेशमी असतील ती कडक उन्हात नको, सावलीच्या वाऱ्यावर. घड्या बदला. मऊ जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळा, प्लास्टिक नको. गोळ्या कापडाला टेकू देऊ नका. त्यापेक्षा वेखंडाची पुरचुंडी बरी. सुती लुगडी विरली असतील तर गोधडी शिवणाऱ्या बायका सांगली-मिरजेकडे अजून आहेत. दोन गोधड्या होतील, एक इथे, एक पुण्याला. बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायचा मोह होईल. घ्या की, पण सगळ्यांत शेवटी उरलेल्या कपड्यांवर.

कागदांची गाठोडी मात्र कुणी रद्दीत टाकू म्हणालं तर हात धरा. एकेक कागद बघितल्याशिवाय काही जाता कामा नये. सासऱ्यांचा, आजेसासऱ्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्माची नोंद, जुना सातबारा, फेरफार, खरेदीखत. जातपडताळणीच्या वेळी घरोघरी काय धावपळ होते ते तुम्ही पाहिलं असेल. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखांच्या आधीच्या वास्तव्याचे आणि जातीचे पुरावे मागतात. अशा वेळी आजोबांचा एक पिवळा पडलेला दाखला नातवाचं वर्ष वाचवतो. जुनी शेअर सर्टिफिकेटं, पासबुकं निघाली तर तीही वेगळी काढा. दहा वर्षं हात न लागलेल्या बँक ठेवी शोधायला रिझर्व्ह बँकेचं ‘उद्गम’ पोर्टल २०२३पासून आहे. सात वर्षं न घेतलेला लाभांश आणि त्याचे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जातात, तिथून अर्ज करून परत मिळवता येतात. आणि न वाचता येणाऱ्या वळणदार अक्षरातले कागद असतील तर तो मोडी लिपीतला मजकूर असेल. मोडी कागद मोडीत जाऊ देऊ नका. वाचणारे लोक आजही आहेत. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांवर काम करत आलं आहे, आणि नणंदबाई पुण्यातच आहेत. ‘मला विचारल्याशिवाय काढू नका’ म्हणणाऱ्यांना हे काम शोभून दिसेल.

आता यजमानांचं ‘असू दे’. तुम्ही ते हट्ट समजता. मला तसं वाटत नाही. २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात तुमच्या घरातलं जे खाली होतं ते गेलं आणि जे माळ्यावर होतं ते राहिलं. ज्याने हे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या मनात ‘माळा’ या शब्दाचा अर्थ अडगळ असा होणारच नाही. शिवाय ते सगळं वर चढवलं त्यांच्या आईने, त्या वयात, रात्रीतून. ‘आईचं आहे, असू दे’ म्हणजे ‘आईने वाचवलेलं आहे, मी कसं खाली टाकू’ असंच असणार. हे त्यांना बोलून दाखवता येत नाही, कारण आपल्याकडच्या पुरुषांना बोलायला शिकवलेलंच नाही. असो, तो वेगळ्या सदराचा विषय.

पण त्यांना एक प्रश्न विचारा. भाऊबीजेची वाट बघू नका, आजच जेवताना सहज विचारा. त्या रात्री आईंना एवढं सामान वर चढवता कसं आलं? माळ्यावर जागा होती म्हणूनच ना? पुढच्या आषाढ-श्रावणात पाणी वाढायला लागलं आणि भोंगा वाजला तर आपण आपलं काय कुठे ठेवणार आहोत? गॅसची शेगडी, मिक्सर, गाद्या, तुमची औषधं, मुलांची सर्टिफिकेटं, त्यांचे निवृत्तीचे कागद? वर तर नऊ हांडे बसलेत. सांगलीत, गावभागात माळ्याचा खरा उपयोग तो रिकामा असण्यात आहे, हे तुमच्या सासूबाईंना कळत होतं. त्यांच्या हयातीत तो माळा इतका भरलेला नव्हता, असं माझं मन सांगतं. पडताळून बघा. तसं निघालं तर माळा मोकळा करणं हे आईच्या विरुद्ध जाणं नाही, आईनेच घालून दिलेली शिस्त आहे. हे वाक्य तुम्ही म्हणू नका. प्रश्न तेवढा विचारा आणि त्यांना स्वतःहून तिथवर पोचू द्या. दोन दिवस लागतील. कदाचित तीन, पण या वेळचा अबोला निराळा असेल.

शेवटी माळ्यावर काय राहावं? एक ट्रंक. तिच्यात कागद पाणी न शिरेल अशा पिशवीत, सर्वात चांगली दोन लुगडी मलमलीत, भांड्यांवरच्या नावांची वही. ट्रंकेवर खडूने लिहा काय आहे ते. बाकी फळ्या मोकळ्या, झाडलेल्या. परसात जातं असेल तर ते मात्र राहू दे. गल्लीत कुणाच्या तरी लग्नात घाणा भरायला ते मागायला येतातच, आणि ते चोरीला जाण्याइतकं हलकं नसतं.

मावशींना फोन आजच करा. दुपारी झोपत असतील, चारनंतर करा. आडून आडून विचारू नका. पातेल्यावरचं ते नाव फक्त मोठ्याने घ्या, त्या वयात ऐकायला कमी येतं. मग गप्प राहा आणि त्या काय म्हणतात ते मला कळवा.